शेंगा वाळेपर्यंत

विमल,

तुझ्या नावाआधी 'कै.' छापलं जाणार होतं. ते मी थांबवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जरा शांतपणे ऐकशील.

शोकसभेच्या पत्रकाचा मजकूर संस्थेच्या कारकुनानं लिहून आणला होता. 'कै. विमलबाई वाकळे यांचे दुःखद निधन.' मी लाल शाईनं 'कै.' खोडलं आणि बौद्धांत लिहितात तसं 'कालकथित' लिहिलं. तो म्हणाला, "बाई, 'कै.' समद्यांनाच लावतेत. साचा हाय तो." मी म्हटलं, "समदे कैलासाला जात असतील. विमलबाईंनी तिकडचं तिकीट कधी काढलं नव्हतं." तो हसला नाही. 'दुःखद' मात्र मी राहू दिलं, जरी आजवर कुणाचं सुखद निधन छापलेलं माझ्या पाहण्यात नाही.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठं झालं, सेवा किती वर्षांची, हे सगळं त्या पत्रकात आहे आणि त्यातलं निम्मं बरोबर आहे. मला ते सांगायचं नाही. तुला जाऊन सव्वा महिना झाला. मी फक्त वाफ्याची हकीकत सांगायला बसले आहे, कारण शेवटचा निरोप तू त्याचाच धाडला होतास.

तो निरोप तुझ्या नवऱ्यानं मला पिंगळीच्या फलाटावर दिला. सेलूच्या जिनिंगात कारकुनी करणारा माणूस, एक शब्द जास्त बोलत नाही. "ती म्हणाली, शेंगा वाळेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका." मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?" म्हणाला, "आणखी काही नाही." सोळा वर्षांच्या ओळखीनंतर माझ्या वाट्याला शेंगा आल्या. मला रागच आला. दोन दिवसांनी तू गेलीस, आणि तो राग कुणावर काढायचा हा प्रश्न उरला.

शेंगा म्हणजे ब्रोकोलीच्या. शाळेच्या आवारात, लिंबाच्या सावलीच्या कडेला, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल अशी जागा शोधून तू तो वाफा केला होतास. तू गेलीस तेव्हा त्यात अकरा झाडं उभी होती. गड्डे फुटून पिवळी फुलं येऊन गेलेली, फुलांच्या जागी बोटभर हिरव्या शेंगा लागलेल्या. अनोळखी माणसाला गवत वाटावं असा अवतार. मागच्या सालचं बी घरात एक दाणाभरही नव्हतं, कारण बी डब्यात ठेवलं की म्हातारं होतं असं म्हणून दर हंगामात तू सगळं पेरून टाकायचीस. म्हणजे जे काही होतं ते त्या अकरा झाडांवर. ती उपटली असती, तर सहा वर्षं तू निवडून निवडून जे घडवलंस ते एका सकाळीत संपलं असतं. आणि ती उपटायची ठरली होती. तुझ्याच स्मरणार्थ.

पण ते पुढं. आधी मला तुझ्याशी जुनं भांडण भांडून घेऊ दे.

सुरुवात माझ्या थट्टेनं झाली. स्टाफरूममध्ये मी एक जुनं इंग्रजी मासिक चाळत होते. त्यात त्या भाजीचा फोटो होता. मी तुला म्हटलं, "हे बघा, गोऱ्या लोकांचा फुलकोबी. पांढरा व्हायचाच राहून गेलाय, तरी कौतुकानं खातात." तू फोटो पाहिलास, खालचं नाव तीन वेळा मोठ्यानं वाचलंस आणि विचारलंस, "बी कुठं मिळतं?" मला वाटलं, विज्ञानाच्या बाईंना थट्टा कळली नाही. तुला कळली होती. तिच्यात तुला काही घेण्यासारखं वाटलं नाही, एवढंच.

महिन्याभरानं कुठल्याशा पहाडातल्या बियाणेवाल्याची यादी पोस्टानं तुझ्या नावावर आली. तिच्यात ब्रोकोलीचे दोनच प्रकार. एक संकरित: पानभर रंगीत फोटो, सगळे गड्डे एका मापाचे, साठ दिवसांत तयार होण्याची हमी. दुसरा सरळ वाण, घरी बी धरता येईल असा: फोटो नाही, एका ओळीत आटोपलेला, तळाशी. मी संकरिताच्या बाजूनं होते. आपल्या परभणीच्या उन्हात जे काही उगवायचं ते निदान हमीनं उगवावं.

"आन् पुढल्या वर्षी?" तू विचारलंस.

"पुढल्या वर्षी परत मागवायचं. संकरिताचं बी धरलं तर तसं निघत नाही, हे तुम्हीच मुलांना शिकवता."

"म्हणजे दरसाली त्याच्या दारात उभं राहायचं. माझ्या आज्यानं पसाभर दाण्यांसाठी लय दारं केली, कुलकर्णीबाई. मला घरचं बी पाहिजे."

एका भाजीसाठी आजोबांना आणायची काय गरज आहे, असं मी म्हणाले. आजही वाटतं की मुद्दा म्हणून तो बरोबर होता. तू तो सरळ वाण मागवलास.

पुडी आली. तू ती स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलीस, आणि तुझ्या सासूनं, सोनाआजींनी, निम्म्या पुडीची वरणाला फोडणी दिली. ब्रोकोलीचं बी आणि मोहरी यांच्यात फरक शोधायला भिंग लागतं, आजींचा दोष नव्हता. त्यांची तक्रार वेगळीच होती. "ही कसली मोहरी आनलीस गं इमल? निस्ती उडती, ठसका म्हून न्हाई." तू वरणातून दाणे वेचायला बसली होतीस. उकळलेलं बी उगवत नाही हे विज्ञानाच्या बाईंना मराठीच्या बाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा कुठं तू जेवलीस.

उरलेल्या निम्म्यात तू पहिला हंगाम काढलास. दसऱ्याच्या आसपास गादीवाफ्यावर रोपं, महिन्यानं ती उचलून हातभर अंतरावर लावणी, मावा पडला की निंबोळीचा अर्क. आणि मग तुझी ती पद्धत, जिच्यावरून सगळी शाळा तुला हसली. जे झाड सगळ्यात उशिरा फुलावर यायचं, उन्हाला मान टाकायचं नाही, त्याला तू मुलींच्या वेणीची लाल रिबीन बांधायचीस. रिबीन बांधली की तो गड्डा खायचा नाही. आपल्याकडं ज्वारीचं भारी कणीस बियाण्याला राखतात, तसं. म्हणजे सगळ्यात चांगलं जे होतं ते आम्ही कधी चाखलंच नाही. पाहुण्या साहेबांच्या स्वागताला मोठा गड्डा हवा म्हणून शिपाई आला, तर त्याला तू लहानातला लहान काढून दिलास. साहेबांनी तो पुष्पगुच्छ समजून भाषणभर छातीशी धरला, मधून मधून हुंगला. मला आयुष्यात एवढं निखळ सुख क्वचित मिळालंय.

आता ते पानं बांधण्याचं.

दुसऱ्या हंगामात वीस झाडं होती, सगळी घरच्या बियाण्याची. गड्डे मुठीएवढे झाले आणि तू नणंदेच्या बाळंतपणाला तीन आठवडे सेलूला गेलीस. वाफा माझ्याकडं. चौथ्या दिवशी ओढ्याकाठचे दगडूमामा कुंपणावरून डोकावले. चाळीस वर्षं फुलकोबी लावणारा माणूस. म्हणाले, "बाई, गड्डे उघडे पडलेत की! ऊन खाऊन वाया जातेल. पानं वर घिऊन बांधा. धा दिसात दुधावानी व्हतेत."

आपल्याकडचे फुलकोबीवाले हेच करतात. बाहेरची पानं गड्ड्यावर वाकवून बांधायची, ऊन लागू द्यायचं नाही, म्हणजे तो पांढराशुभ्र राहतो. मी फोटो पाहिलेला होता. ही भाजी हिरवीच असते हे मी वाचलेलं होतं, तुला मीच सांगितलेलं होतं. तरी मी सुतळी आणली. दगडूमामांचा अनुभव, वगैरे कारणं मी नंतर तयार केली. खरं कारण असं, की मलाही तो हिरवा गड्डा अर्धवट वाटत होता. अजून काहीतरी व्हायचा राहिलेला.

सतरा झाडं बांधून झाली आणि सुतळी संपली. तीन राहिली ती उद्यावर टाकली, आणि उद्या मी विसरले.

तू आलीस तेव्हा सतराही गड्डे आतून पिवळे पडून दहिवरानं कुजले होते. तू एकेकाची पानं सोडत गेलीस. मी मागं उभी. शेवटचं सोडल्यावर तू उभी राहिलीस आणि ओरडलीस, "नलिनी! काय करून ठिवलंस गं हे?"

बारा वर्षं मी 'कुलकर्णीबाई' होते. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला नावानं हाक मारलीस, शिवी हासडावी तशी. रागात तुझ्या तोंडी पालमकडची बोली यायची. "हिरवंच हाय ते! जल्मापासून हिरवं हाय. त्याला पांढरं करायला कुनी सांगितलं तुला?"

दगडूमामांचं नाव मी घेतलं नाही. निदान एका अपराधाखाली माझी एकटीची सही असावी असं वाटलं.

एकट्या झाडाला बी धरत नाही, त्याला शेजारच्या झाडाचा पराग लागतो. सुतळी पुरली असती, किंवा एकच झाड सुटलं असतं, तर तुझं बियाणं तिथंच संपलं असतं. तीन सुटली म्हणून वाचलं. आज जे काही आहे ते त्या तीन झाडांचं. माझ्या दक्षतेमुळे नव्हे, किराणा दुकानातल्या सुतळीच्या आखूड गुंडीमुळे.

सहीचा विषय निघालाच आहे, तर तो कागद.

त्याच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. अठ्ठ्याहत्तर सालचा तो पावसाळा. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपले ड्रिलचे बापू सर स्टाफरूममध्ये एक कागद घेऊन आले: विद्यापीठाचं नाव आहे तेच राहावं. तू वर्गावर होतीस. तुझ्यापुढं तो कागद ठेवायचा नव्हताच, तुझा तास बघूनच तो आणला होता. मी तिसरी सही केली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नावं, पाट्या, पुतळे हा सगळा पोकळ लोकांचा उद्योग आहे, माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईला त्यात काय. पण ज्याला नावाशी देणंघेणं नाही त्यानं नाव राखायला तरी सही का करावी? पहिल्या दोन सह्या झालेल्या होत्या आणि पेन माझ्या हातात दिलेलं होतं. यापेक्षा मोठं कारण मला सोळा वर्षांत सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात पालमकडं तुझ्या माहेरचं घर जाळलं. दहा-बारा दिवसांनी तू एसटीनं परभणीला आलीस आणि सकाळच्या पॅसेंजरमध्ये माझ्यासमोर बसलीस. पिंगळीला उतरलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी माझं ठेवणीतलं वाक्य बोलले, "नुसती पाटी बदलून काय होतं, वाकळेबाई?"

तू म्हणालीस, "पाटी बदलून काही होत नसतं, तर घर कशाला जाळलं?"

आणि पुढं चालू लागलीस. स्टेशनापासून शाळा दोन मैल. ते दोन मैल मी तुझ्या पाठीकडं बघत चालले.

यंदाच्या संक्रांतीला सरकारनं विद्यापीठाला ते नवं नाव दिलं. तू डबा घेऊन आलीस. तिळगुळाचा असेल असं सगळ्यांना वाटलं. आत पीठ पेरून केलेली ब्रोकोलीची भाजी होती, आणि मला नंतर कळलं, ती रिबिनीच्या गड्ड्याची होती. सहा वर्षांत पहिल्यांदा तू बियाण्याचा गड्डा कापलास. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणाले, "तसं हे नामांतर नाही, नामविस्तार आहे. जुनं नाव ठेवलंच आहे मागं." तू माझ्या हातावर भाजी वाढलीस. "तुझं व्याकरण उद्या. आज खा." मी खाल्ली. सगळ्यात चांगलं जे होतं ते असं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. नंतर महिन्याभरातच तू आजारी पडलीस. आता वाटतं, त्या दिवशी आणखी एकदा वाढून घ्यायला हवं होतं.

तर आता शोकसभा.

ड्रिलचे बापू सर आता आपल्या संस्थेचे अध्यक्ष आहेत, हे तुला ठाऊकच आहे. मधल्या काळात त्यांचे बापूसाहेब झाले. हे नामांतर मात्र कुणाचं घर न जळता पार पडलं. तू गेल्याच्या पंधराव्या दिवशी ते मांडववाल्याला घेऊन आवारात आले आणि लिंबाखाली उभे राहिले.

"बाई, हे गवत उद्यापर्यंत काढून घ्या. इथं स्टेज यील. सावली हाय."

"गवत नाही. ब्रोकोली आहे."

"ब्रोकोली आमी पाहिलीय की. ही तर मोहरी दिसायली."

"बियाण्याच्या शेंगा आहेत. अजून हिरव्या आहेत. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे शोकसभा थांबवू? लोक इसरून जातेत, बाई."

"इतक्यात विसरणार असतील, तर शोक कसला करताय?"

त्यांनी मांडववाल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज मऊ केला. "बाईंच्याच नावानं करायलोत ना समदं? सभा झाली की इथंच स्मृती-उद्यान. संगमरवरी पाटी. मधी कारंजं."

मुलांच्या प्यायच्या पाण्याचा हौद दुपारी बारालाच तळ दाखवतो. पण कारंजं ठरलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी खुर्ची आणली आणि वाफ्याच्या कडेला टाकली. सातवीचा वर्ग लिंबाखाली बसवला. सत्याग्रह म्हणण्यासारखं काही नव्हतं, आत उकडतं असं हजेरीपटावर लिहिलं होतं. तास संपला की पुढचा वर्ग तिथंच बोलवायचा. मधल्या सुट्टीत डबाही तिथंच खाल्ला. खुर्चीच्या दुसऱ्या दिवशी बापूसाहेब आले, हात मागं बांधून उभे राहिले.

"निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत ना बाई?"

"चार. ड्रिलमध्ये मोजणी चारपर्यंतच असते, तुम्ही चुकायला नको होतं."

हे बोलून मी खडू उचलला, पण विमल, फळ्यावर ओळ वाकडी आली. मुलींनी ती तशीच उतरवून घेतली.

तिसऱ्या दिवशी मांडववाल्याची माणसं खोरं-टिकाव घेऊन आली. मी खुर्चीवरून उठले नाही, पण वाफ्याला चार बाजू असतात आणि मी एकटी. एकानं पहिल्या झाडाच्या बुडाशी हात घातला, तेवढ्यात तुझी सासू काठी टेकत फाटकातून आली. कुणी सांगितलं त्यांना, मला माहीत नाही. मी नाही. आजी सरळ वाफ्यात शिरल्या आणि त्या झाडापाशी खाली बसल्या. पदर सावरला. मग बापूसाहेबांना म्हणाल्या, "बापू, माझ्या सुनंचं नाव दगडावर घालाया तिचंच झाड उपटायलास व्हय रं?"

"आजी, तसं न्हाई—"

"मंग कसं? सांग की. बसलेय मी."

भरल्या आवारात, मुलींच्या देखत, म्हातारीला हाताला धरून उठवायची हिंमत कुणाची होणार? स्टेज झेंड्याच्या खांबापाशी गेलं. भर उन्हात.

सभा झाली. पुढारी आले, हार आले, तुझ्या फोटोला इतके हार घातले की शेवटी फक्त चष्मा दिसत होता. ऊन असं होतं की अध्यक्षीय भाषण सात मिनिटांत आटोपलं. संस्थेच्या इतिहासात एवढं चांगलं भाषण झालेलं नाही. त्या सात मिनिटांत बापूसाहेब म्हणाले, "नामांतराच्या काळात बाईंच्या पाठीशी आमची शाळा खंबीरपणे उभी होती."

माझं नाव वक्त्यांच्या यादीत शेवटी होतं. दोन पानं लिहून नेली होती, ती घडी करून पर्समध्ये ठेवली. मी म्हणाले, "शाळा पाठीशी उभी नव्हती. नाव बदलू नये म्हणून याच शाळेत एक कागद फिरला होता. त्यावर तिसरी सही माझी आहे. पहिली कुणाची, ते मी सांगणार नाही, ज्याची त्यानं सांगावी. विमलच्या हयातीत मी हे तिला बोलले नाही. आता तिच्या फोटोसमोर बोलतेय, याला फारशी हिंमत लागत नाही, हे मला कळतं." आणि खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरंच झालं.

पायऱ्यांपाशी सोनाआजी बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "आजी, विमलला माहीत होतं का हो?"

"त्याच दिशी कळलं व्हतं तिला. घरी यून सांगितलं तिनं."

"काय म्हणाली?"

आजींनी माझ्याकडं पाहिलं. "लय शिव्या दिल्या तुला. तिच्या तोंडात मी असल्या शिव्या पयल्यांदा आयकल्या."

विमल, मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मी अजून शब्द शोधते आहे. सोळा वर्षं मी धरून चालले होते की तुला कळलं असलंच तर तू मला माफ केलं असशील, आणि त्या माफीखाली मी दबून गेले होते. तू शिव्या दिल्या होत्यास. घरी, मोठ्यानं, सासूसमोर. आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसली होतीस. नंतर बियाणं माझ्यावर सोपवून सेलूला गेलीस, मी ते कुजवलं, आणि शेवटी पुन्हा माझ्याच हवाली केलंस. हे माफ करणं नव्हे. याला काय म्हणतात, ते एवढी पुस्तकं वाचून मला माहीत नाही. पण त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हा शब्द मी एरवी भाषणांतून कापून टाकते.

शेंगा गेल्या आठवड्यात वाळल्या. चिमण्यांच्या आधी आम्ही पोचलो, मी आणि आजी. झाडं कापून तुझ्या अंगणात जुन्या लुगड्यावर अंथरली, दोन दिवस ऊन दिलं, काठीनं बडवली. आजींनी सुपात पाखडलं. बी काळंभोर, टपोरं, पहिल्या पुडीतल्यापेक्षा ठसठशीत निघालं. आजींनी एक दाणा दाताखाली धरला. "ठसका न्हाईच," म्हणाल्या, आणि सूप माझ्या हातात दिलं.

परवा संध्याकाळी बापूसाहेब माझ्या दारात आले. फटफटीवर, एकटे, सोबत कुणी नाही. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. पहिल्या सहीबद्दल बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बाई, चार दाणे द्या त्याचे. आमच्या म्हातारीला बाई दर हिवाळ्यात एक गड्डा धाडायच्या. तिला लय आवडायचा. मी शेतात लावीन म्हणतो."

तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. दर हिवाळ्यात एक गड्डा, त्याच्या आईला!

मी म्हटलं, "ऑक्टोबरात वाफा करणार आहोत, त्याच जागी. खुरपं घेऊन या. जे मातीत बसतील, त्यांना बी मिळेल."

ते फटफटीकडं वळले. मग "बघतो" म्हणाले आणि गेले. येतील की नाही, मला सांगता येत नाही.

तू दिलं असतंस, मला पक्कं माहीत आहे. कागदाची पुडी बांधून, वर तुझ्या अक्षरात 'ब्रोकोली' लिहून, आईला नमस्कार सांगा असं म्हणून दिलं असतंस. मी दिलं नाही. बी माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. मी चुकले असं तुला वाटत असेल, तर ये आणि भांड माझ्याशी.

तुझी
नलिनी